'अमेरिकन एल्फ' : एका चित्ररोजनिशीचा घाट

आत्मचरित्र आणि रोजनिशी या दोन लेखनप्रकारांना आपल्या वाङ्मयविवेचनात बहुधा एकाच प्रकरणात शेजारी शेजारी बसविण्यात येते. दोहोंचा विषय लेखकाचे स्वतःचे आयुष्य हाच असल्यामुळे ही व्यवस्था सोयीची आहे खरी. परंतु सोय आणि यथार्थता या गोष्टी निराळ्या. आत्मचरित्रकार आपल्या आयुष्याकडे त्याच्या उत्तरार्धातून वळून पाहतो. बालपणीचा एखादा क्षुल्लक प्रसंग तो सांगतो, तेव्हा पुढे त्यातून काय निष्पन्न झाले हे त्याला ठाऊक असते, आणि त्या जाणिवेनेच तो प्रसंग निवडला गेलेला असतो. रोजनिशीकाराला हा अधिकार नाही. त्याला उद्याचे काहीही ठाऊक नसते. आज जे महत्त्वाचे वाटले ते महिन्याभराने कवडीमोल ठरेल, आणि ज्याची त्याने नोंदही केली नाही तेच आयुष्याला वळण देणारे ठरेल, हा धोका पत्करूनच तो लेखणी उचलतो. गद्य रोजनिशीत हा भेद पुष्कळदा झाकून जातो; कारण तिथे पानेच्या पाने लिहिण्यास, मागचे-पुढचे संदर्भ देण्यास आणि स्वतःचीच समजूत घालण्यास मुभा असते. रोजनिशी चित्रांची असली आणि दिवसाला बहुधा चार चौकटी असा तिचा प्रघात असला, म्हणजे हा भेद उघडा पडतो. जेम्स कोचाल्का या अमेरिकन चित्रकाराची 'अमेरिकन एल्फ' ही चित्रमालिका या दृष्टीने तपासून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कोचाल्का हा अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हरमाँट राज्याचा रहिवासी. त्या राज्यात शँप्लेन सरोवराच्या काठी बर्लिंग्टन नावाचे लहानसे शहर आहे. तेच या मालिकेचे स्थळ. २६ ऑक्टोबर १९९८ रोजी त्याने आपल्या दिवसातील एखादा क्षण चित्रित करण्यास आरंभ केला, आणि ३१ डिसेंबर २०१२ रोजी तो थांबला. हा अवधी ५१८१ दिवसांचा भरतो. मालिकेचे आरंभीचे भाग 'स्केचबुक डायरीज' या नावाने पुस्तकरूपाने आले. २००२ पासून ती इंटरनेटवर रोजच्या रोज प्रसिद्ध होऊ लागली. आणि २००४ साली पहिल्या पाच वर्षांचा जाडजूड संग्रह 'अमेरिकन एल्फ' याच नावाने निघाला. मालिका सुरू झाली त्या काळात कोचाल्का एका चिनी भोजनगृहात वाढप्याचे काम करीत असे. पुढे केवळ चित्रे आणि संगीत यांवर तो उपजीविका करू लागला. मधल्या काळात तो दोन मुलांचा बाप झाला. मालिकेतील 'कथानक' म्हणून सांगावयाचे झाल्यास एवढेच सांगता येईल, आणि तेही मालिकेत कथानक म्हणून येत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाविषयी लिहिणे प्राप्त आहे. या व्यवसायातील माणसाला आपण मराठीत सरसकट 'व्यंगचित्रकार' म्हणतो. या शब्दाच्या पोटात 'व्यंग' असल्यामुळे वाचक चित्राकडून दोषदर्शनाची, उपहासाची किंवा निदान हास्याची अपेक्षा धरूनच येतो. राजकीय टीकाचित्रांच्या बाबतीत ही अपेक्षा रास्त आहे. परंतु एक माणूस खिडकीशी उभा राहून बर्फ पाहतो आहे, एवढेच जिथे चार चौकटींत दाखविलेले आहे, तिथे व्यंग कोणते आणि कोणाचे? कोचाल्काला व्यंगचित्रकार म्हणणे म्हणजे भावगीत लिहिणाऱ्यास पोवाडेकार म्हणण्यासारखे होईल. म्हणून या लेखात 'चित्रमालाकार' हा शब्द योजिला आहे. तो फारसा सुबक नाही. परंतु दिशाभूल तरी करीत नाही. 'एल्फ' या शब्दाचे भाषांतर मात्र टाळले आहे. यक्ष, गंधर्व, बुटका, वेताळ यांपैकी कोणताही शब्द घेतला तरी आपल्याकडच्या पुराणांचा आणि लोककथांचा निराळाच परिवार त्याच्यामागून आत शिरतो.

चार चौकटींचा हा साचा कोचाल्काचा स्वतःचा नव्हे. तो त्याला वृत्तपत्रीय परंपरेने दिला. बड फिशर याची 'मट अँड जेफ' ही मालिका १९०७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकात सुरू झाली, आणि तेव्हापासून दररोज एक आडवी पट्टी हा प्रघात अमेरिकन वृत्तपत्रांत रूढ झाला. चार्ल्स शुल्झ याच्या 'पीनट्स'ने १९५० ते २००० या पन्नास वर्षांत हा साचा परिपूर्णतेस नेला. या साच्याची प्रकृती प्रथम नीट ध्यानात घेतली पाहिजे. पहिली चौकट परिस्थिती मांडते, दुसरी ती पुढे सरकविते, तिसरी अडवून धरते आणि चौथी उलटविते. चौथ्या चौकटीत काही तरी 'झाले' पाहिजे, हा या साच्याचा अलिखित करार आहे. सकाळच्या चहाबरोबर दैनिक चाळणाऱ्या वाचकाला चौथ्या चौकटीत आपले देणे हवे असते. शुल्झसारखा कलावंत तिथे हास्याऐवजी खिन्नता ठेवतो. परंतु ती खिन्नतासुद्धा शेवटचा आघात म्हणूनच येते.

कोचाल्काने साचा घेतला आणि करार मोडला. 'अमेरिकन एल्फ'मधील उत्तम दिवसांत चौथी चौकट काहीही उलटवीत नाही. माणूस घरी येतो, मांजराशी दोन शब्द बोलतो, मांजर उत्तर देत नाही, तो आणखी क्षणभर उभा राहतो. असा दिवस एकटा वाचला तर वाचकाच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही, आणि या मालिकेवर जो सर्वसाधारण आक्षेप घेतला जातो तो याच ठिकाणी उगम पावतो : यात आहे काय? एका अनोळखी माणसाची थंडी, त्याचे मांजर, पत्नीशी झालेली कुरबुर, अंथरुणातील गप्पा, शरीराच्या लाजिरवाण्या गरजा, पैशाची ओढाताण; हे सर्व ज्याच्या त्याच्या घरी असतेच. मग ते कागदावर कशासाठी?

आक्षेप खोडून काढण्यापूर्वी तो अंशतः मान्य केला पाहिजे. एकेक दिवस सुटा घेतला तर या मालिकेतील कितीतरी दिवस खरोखरीच क्षीण आहेत. काही तर आळसाने काढलेले आहेत, हे रेषेवरून दिसते. परंतु सुटा दिवस हा इथे मूल्यमापनाचा घटक धरावा काय, हाच मूळ प्रश्न आहे. भिंतीची एक वीट उपटून तिच्यात वास्तूचे सौंदर्य शोधणाऱ्यास ते सापडणार नाही. पंचवीस-तीस दिवस सलग वाचले म्हणजे निराळीच क्रिया सुरू होते. एक चिंता तीन दिवस दिसते आणि नाहीशी होते; तिचे निराकरण झाले की ती विसरली गेली हे कोठेही सांगितलेले नसते. पती-पत्नीचा रुसवा एका दिवशी येतो. दुसऱ्या दिवशी दोघे बर्फातून चालत असतात. मधली रात्र कोऱ्या जागेत राहते. कादंबरीकाराने ही रात्र सोडली असती तर तो संयम ठरला असता, कारण त्याच्यापाशी ती लिहिण्याचा पर्याय होता. इथे ती केवळ त्या दिवसाच्या चित्रात बसली नाही म्हणून राहिली. आणि तरीही वाचकाच्या मनात ती भरून येते. शिशिर येतो, जातो, पुन्हा येतो. तेच घर, तोच रस्ता, तेच सरोवर. दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत वाचकाला या पुनरावृत्तीतून एक लय जाणवू लागते, आणि पहिल्या वाचनी निरर्थक वाटलेली मांजराशी झालेली ती भेट त्या लयीतील एक ठोका म्हणून जाग्यावर बसते.

रोजच्या जगण्याची ही लय पकडणे हाच मालिकेमागील हेतू असल्याचे स्वतः कोचाल्कानेही सांगितले आहे. लेखकाच्या हेतूवर टीकाकाराने फार विसंबू नये हे खरे. पण इथे हेतू आणि कृती यांत अंतर नाही. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांतील रोजकीर्द ज्यांनी चाळली आहे, त्यांना या अनुभवाची थोडी कल्पना येईल. 'अमुकास इतके दिले' अशी एक नोंद काहीच सांगत नाही. पण वर्षभराच्या नोंदी ओळीने वाचल्या म्हणजे एक घर उभे राहते. अर्थात कारकुनाचा उद्देश हिशेबाचा होता, आणि इथे निवड आहे. प्रत्येक दिवसातून एकच क्षण उचलावयाचा, आणि तोही उद्याच्या दिव्याशिवाय, हीच या कलेची अट आहे.

या अटीचे मोल समजण्यासाठी दुसरी एक कृती शेजारी ठेवणे उपयोगी पडेल, आणि योगायोग असा की ती त्याच राज्यातील आहे. व्हरमाँटने २०११ साली आपला राज्य-चित्रमालाकार असा सन्मान प्रथमच निर्माण केला आणि तो कोचाल्काला दिला. २०१७ साली तोच सन्मान ॲलिसन बेक्डेल हिला मिळाला. बेक्डेलचे 'फन होम' हे २००६ साली प्रसिद्ध झालेले चित्रात्मचरित्र सुमारे सात वर्षांच्या परिश्रमाचे फळ आहे. पित्याचे गुप्त आयुष्य, त्याचा मृत्यू आणि स्वतःची घडण यांचा शोध तीत आहे. प्रत्येक आकृतीसाठी बेक्डेलने स्वतःच त्या त्या पवित्र्यात उभे राहून छायाचित्रे घेतली. जुनी पत्रे, नकाशे, पुस्तकांची पाने हाताने नकलून काढली. एकच प्रसंग ती वारंवार फिरून पाहते आणि दर वेळी नव्या अर्थाने पाहते. पित्याच्या मृत्यूची छाया पहिल्या पृष्ठापासून मागच्या सर्व वर्षांवर पसरलेली आहे. आत्मचरित्राने काय करावे याचा हा वस्तुपाठ होय.

कोचाल्कापाशी अशी छाया नाही. तो ज्या दिवशी हसतो आहे त्या दिवसावर पुढच्या दुःखाची सावली पाडणे त्याला शक्यच नाही. बेक्डेलच्या ग्रंथात बाप बागेत काम करीत असला तरी वाचक त्याच्याकडे करुणेने पाहतो. 'अमेरिकन एल्फ'मध्ये माणूस चालत असतो तेव्हा तो केवळ चालत असतो. 'फन होम' ही अधिक थोर कृती आहे यात प्रस्तुत लेखकास शंका नाही. तथापि जगत असताना माणसाला स्वतःचे आयुष्य कसे दिसते, या प्रश्नाचे अधिक सच्चे उत्तर कोचाल्कापाशी आहे. आपण कोणीही आपल्या आयुष्याची मधली पाने शेवट ठाऊक असल्याप्रमाणे जगत नाही. कलेने तरी ती नेहमी तशीच का दाखवावी?

आता या मालिकेतील सर्वांत विलक्षण गोष्टीकडे वळू. एवढ्या काटेकोरपणे सत्य सांगू पाहणारा हा माणूस स्वतःला माणूस म्हणून रेखाटीतच नाही. तो टोकदार कानांचा, पुढे आलेल्या दातांचा एक एल्फ आहे. पत्नीही त्याच कुळातली. एक मित्र कुत्र्याच्या रूपात वावरतो. मांजर मात्र मांजरच. हे रूप त्याने रोजनिशीसाठी शोधलेले नव्हे; 'मॅजिक बॉय' या त्याच्या आधीच्या काल्पनिक पुस्तकांतून ते इथे चालत आले. तरीसुद्धा रोजनिशीत त्याचे कार्य बदलले. हार्वे पीकर या क्लीव्हलंडच्या इस्पितळी कारकुनाने १९७६ पासून 'अमेरिकन स्प्लेंडर' या अंकांत आपले रोजचे आयुष्य इतर चित्रकारांकडून काढवून घेतले. तिथे प्रत्येक चित्रकाराचा पीकर निराळा असला तरी तो ओळखू येणारा, घामट, त्रासलेला माणूस आहे. त्याचे कुरूप वास्तव हेच त्याच्या सत्याचे प्रमाणपत्र. कोचाल्काने हे प्रमाणपत्र नाकारले. एल्फच्या चेहऱ्यावर तपशील इतके थोडे आहेत की चेहरा 'दिसत' नाही, फक्त भाव दिसतो. माणूस स्वतःचा चेहरा दिवसभरात कितीसा पाहतो? सकाळी आरशात, तेवढाच. बाकी वेळ तो आतून केवळ एक भाव असतो. रोजनिशीच्या सत्याला ही आकृती छायाचित्रापेक्षा जवळची आहे, ती या अर्थाने. शिवाय मुखवटा चढविल्यावर माणूस ज्या मोकळेपणाने बोलतो, तो मोकळेपणाही इथे आहे. मत्सर, बढाई, भीती, कामवासना, क्षुद्र राग हे सर्व या बुटक्याच्या तोंडी येते. त्यातील काही प्रसंग सुसंस्कृत वाचकास ओशाळवाणे वाटतील, आणि काही खरोखरच निष्कारण आहेत.

रेषेसंबंधी एक वाद इथे नोंदला पाहिजे. १९९६ साली, म्हणजे रोजनिशी सुरू होण्यापूर्वी दोन वर्षे, कोचाल्काने 'द कॉमिक्स जर्नल' या नियतकालिकाला पत्र लिहून 'कारागिरी हीच शत्रू' असा सिद्धांत मांडला, आणि त्यावर बरीच खडाजंगी उडाली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की कौशल्य संपूर्ण हस्तगत होईपर्यंत थांबणारा कलावंत आयुष्यभर थांबूनच राहतो. आज हाती जेवढे सामर्थ्य आहे तेवढ्यानेच आज काढावे. पत्र म्हणून हे आवेशपूर्ण आहे. सौंदर्यशास्त्र म्हणून अर्धवट आहे. गंमत अशी की त्याचे उत्तम खंडन कोणा प्रतिपक्षीयाने न करता त्याच्याच रोजनिशीने केले. आरंभीच्या दिवसांतील रेषा चाचपडणारी आहे. चार-पाच वर्षांनंतरच्या रेषेत एक सहज निश्चय आलेला दिसतो; मानेचा एवढासा कल दाखवून थकवा सांगता येतो, पुढे रंग आल्यावर संध्याकाळच्या एका पट्ट्याने ऋतू सांगता येतो. रोज न चुकता हात चालविणे याला आपल्याकडे रियाज म्हणतात. कारागिरीला पुढच्या दाराने हाकलून दिले, ती मागच्या दाराने रोज येऊन बसत राहिली.

मालिकेच्या मर्यादा तिच्या अटीतूनच जन्मतात. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला तेव्हा रोजनिशी चालूच होती. परंतु अशा जगात मूल जन्मास घालावे काय, हा विचार नीट करण्यासाठी कोचाल्काला रोजनिशीबाहेर 'रीइन्व्हेंटिंग एव्हरीथिंग' ही निराळी कृती रचावी लागली. ती पुढे २००५ च्या 'द क्यूट मॅनिफेस्टो' या संग्रहात आली. दिवस हा घटक भावनेची नोंद करतो; युक्तिवाद त्यात मावत नाही. एका विचाराला दुसरा विचार जोडून तिसऱ्यापर्यंत जावयाचे तर मध्ये रात्र पडून चालत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. मुले बोलू लागल्यानंतरच्या वर्षांत मालिकेचा तोल ढळतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लहान मुलाचे बोलणे स्वभावतःच अनपेक्षित असते. ते चौथ्या चौकटीत ठेवले की वृत्तपत्रीय साच्यातील शेवटचा आघात आयता हाती येतो. ज्या करारातून कोचाल्काने स्वतःला सोडविले होते, त्याच करारावर मुलांच्या गोड वाक्यांनी पुन्हा सही केली. ही वर्षे वाचावयास अधिक सुखद आहेत, आणि बहुधा म्हणूनच अधिक लोकप्रिय. परंतु ज्या दिवशी काहीच झाले नाही तो दिवस जसाच्या तसा मांडण्याचे पूर्वीचे धैर्य त्यांत क्वचितच आढळते.

याच ठिकाणी एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. प्रौढ पत्नीची गोष्ट निराळी. ती रुसू शकते, हरकत घेऊ शकते, आणि तसे करताना मालिकेत दिसतेही. मुलाचे तसे नाही. ज्याचे रडणे, पडणे, आजारपण आणि पहिले शब्द जन्मापासून अनोळखी वाचकांसमोर रोजच्या रोज मांडले गेले, त्या मुलाची संमती कोणी घेतली? आत्मचरित्रकारासही इतरांविषयी लिहावे लागते. पण वर्षांचे अंतर त्याला विचार करण्यास अवसर देते, आणि कित्येकदा संबंधित माणसे तोवर हयात नसतात. रोजनिशी त्याच संध्याकाळी प्रसिद्ध होते. घरातील मूल एका खोलीत झोपलेले असते आणि शेजारच्या खोलीत बाप त्याचे आजचे बोलणे शाईत उतरवीत असतो. एल्फचा मुखवटा इथे काही अंशी उपकारक ठरतो, कारण चित्रातील मुलावरून खरे मूल ओळखता येत नाही. परंतु तो मुखवटा बापाने आपल्यासाठी निवडलेला होता. मुलाला तो वारशाने मिळाला.

आणि स्वतः चित्रकाराचे काय? रोज एक क्षण हवा, हे ठरल्यानंतर माणूस दिवसभर त्या क्षणाच्या शोधात राहू लागतो. भांडण चालू असतानाच यातून चार चौकटी निघतील असे मनाच्या कोपऱ्यात वाटून जाते. चित्र काढण्याची जाणीव अशा रीतीने चित्रित आयुष्यातच शिरते, आणि साक्षीदार हाच घटनेचा एक कारक बनतो. कोचाल्काला याची जाणीव होती. चित्र काढणाऱ्या स्वतःला तो अनेकदा चित्रात आणतो. ही दखल प्रामाणिक असली तरी तिने पेच सुटत नाही; त्याभोवती फक्त आणखी एक चौकट पडते.

मालिका ज्या तारखेला सुरू झाली त्या २६ ऑक्टोबर या दिवसाला पंचांगात वा कोचाल्काच्या चरित्रात काही विशेष महत्त्व नाही. कोणताही एक दिवस, म्हणून तो दिवस. शेवटची तारीख मात्र ३१ डिसेंबर आहे. दिवस हाच जिचा घटक आहे अशा कृतीला आतून शेवट असू शकत नाही. तो तिने दिनदर्शिकेकडून उसना घेतला.